सहा रविवार फुल चार्ज

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या हातातली वायर उपटून काढली. ओळख नाही, पाळख नाही, नमस्कार नाही. मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक उंच माणूस धावत आला. एका हातात लाल बादली होती, दुसऱ्या हाताने त्याने माझ्या चार्जरचा प्लग खेचला. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घराला काडी लावायला निघाले होते.

"ही बारकी पांढरी वायर का लटकतेय?" त्याने विचारलं.

"मला वाटलं... स्पेअर असेल."

त्याने बादली खाली ठेवली. आत काठोकाठ वाळू होती. विमानं उडवण्याच्या मैदानावर वाळूची बादली घेऊन धावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, आणि माझा पहिला विचार असा, की बिचाऱ्याला बरं नसावं.

खरं तर मी तिथे असण्याचंच काही कारण नव्हतं. मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मामा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपलं रिमोटवर उडणारं विमान, चार्जर आणि बॅटऱ्यांचा डबा माझ्या गळ्यात मारून गेला. वर 'उडवून बघ, मजा येते' एवढीच चिठ्ठी. तो डबा दोन वर्षं कपाटावर पडून होता. त्या रविवारी दुकान बंद होतं, घरी ताईचा कपाटं आवरायचा बेत होता, म्हणून मी विमान उचललं आणि पळ काढला. मैदानावर पोचले, शेडमधल्या सिमेंटच्या ओट्यावर चार्जर दिसले, मीही माझा जोडला. जाड वायर बसली, पांढरी राहिली. इतकी साधी गोष्ट.

"साधी नाही," तो म्हणाला. मग उकिडवा बसून समजावू लागला. आवाज आता बराच खाली आला होता. बॅटरीच्या एका पॅकमध्ये तीन सेल असतात म्हणे. जाड वायरीतून चार्जरला फक्त तिघांची बेरीज कळते. एखादा सेल मागे पडला असेल, तर बेरीज पुरी करायला चार्जर बाकीच्या दोघांना कोंबत बसतो. एक सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला की तापतो, फुगतो आणि शेवटी पेटतो. पांढऱ्या वायरीतून चार्जर एकेका सेलची वेगळी विचारपूस करतो आणि तिघांना एका रेषेत आणतो.

"म्हणजे आमच्या आईसारखं," मी म्हणाले. "कोण जेवलं, कोण नाही, कोणी गुपचूप दोनदा घेतलं..."

तो हसला. हसला की त्याचा सगळा चेहरा बदलायचा, कपाळावरची आठी जायची आणि डाव्या गालावर काहीतरी घडायचं. ते नेमकं काय, हे बघायला मला त्याला आणखी एकदा हसवावं लागणार होतं.

माझ्या पॅकला त्याने एक इवलंसं मोजायचं यंत्र लावलं. दोन सेल बरे होते, तिसरा १.९ वर येऊन बसलेला. हा गेला, त्याने सांगितलं, आता कोणी कितीही म्हटलं तरी याला पुन्हा चार्ज करायचं नाही. मी विचारलं की बादली नेहमी बरोबर असते का. तेवढ्यात मागून क्लबच्या सेक्रेटरीबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, गळ्यात शिट्टी. त्याच म्हणाल्या, "अगं, आम्ही त्याला बादलीच म्हणतो. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. कुठलीही वस्तू खाली पडणार किंवा पेटणार हे धरूनच चालतो तो."

मग त्यांनी मला क्लबचा नियम सांगितला. चार्जिंगला लावलेली बॅटरी एकटी सोडायची नाही. नव्या माणसाने आधी सहा बैठका काढायच्या. बैठक म्हणजे जाणत्या सभासदाबरोबर ओट्यासमोर बसून एक पॅक रिकाम्यापासून भरेपर्यंत चार्ज करायचा, दर दहा मिनिटांनी तिन्ही सेलचे आकडे वहीत उतरवायचे. सहा सह्या झाल्या की एकट्याने चार्ज करायची परवानगी.

"जाणता सभासद म्हणून कोण बसेल?" त्यांनी मागे वळून विचारलं. शेडमध्ये सात-आठ जण होते. कोणी वर बघायच्या आत बादलीचा हात वर होता.

मी दुसऱ्याच दिवशी नवा पॅक घेतला. तीन सेलचा, बावीसशे मिलिअँपिअर-अवरचा, त्याने कागदावर लिहून दिला होता अगदी तसा. ताईने विचारलं, विमानात एवढं काय आहे? मी म्हटलं, विज्ञान आहे. ताई म्हणाली, विज्ञानाचं वय काय?

पहिल्या बैठकीत मी फार शहाण्यासारखी वागले. पॅक हात लावून बघितला, गार आहे ना. कुठे चेपलाय का, फुगलाय का. तो ओट्यावर मधोमध ठेवला, आजूबाजूचे कागद हलवले. चार्जरवर लिथियम पॉलिमर निवडलं, तीन सेल, आणि तिघांना सारखं भरणारा 'बॅलन्स'. जाड वायर, मग पांढरी. किती करंटने भरायचं तो आकडा मात्र त्यानेच घातला. "नवा पॅक आहे, सुरुवातीला घाई नको," असं काहीसं पुटपुटला. मला काय कळतंय. मी मान डोलावली आणि आम्ही दोन खुर्च्या ओढून बसलो.

दोन तास लागले.

दोन तास एका छोट्या पडद्यावरचे आकडे बघण्यात काय गंमत असते, हे मी कोणाला सांगायला गेले तर वेड्यात काढतील. ३.७१, ३.७०, ३.७२. दहा मिनिटांनी ३.७६, ३.७५, ३.७६. मधे आम्ही बोलायचो. त्याने सांगितलं, लिफ्ट अडकली की लोकांना आधी हवा असतो तो माणसाचा आवाज, पाना नंतर. म्हणून तो दाराला तोंड लावून आतल्यांशी गप्पा मारत काम करतो. एका आजींना त्याने चाळीस मिनिटं त्यांच्या नातवंडांची नावं विचारली होती. मी सांगितलं, लोक डोळे तपासताना खोटं बोलतात. दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटते, मग अंदाजाने अक्षरं ठोकून देतात. "तुम्हाला कळतं?" त्याने विचारलं. "मला लगेच कळतं," मी म्हणाले. आणि मग उगाचच... दोघंही पडद्याकडे बघायला लागलो.

तिसऱ्या बैठकीत माझ्या लक्षात आलं, की आकडे वाचताना तो मान मागे घेतो, मग पुढे, आणि डोळे बारीक करतो. जगाची काळजी वाहणाऱ्या माणसाने स्वतःचे डोळे कधी तपासलेच नव्हते. मी सरळ हुकूम सोडला, बुधवारी सहा वाजता दुकानात या.

तो सव्वापाचलाच आला. बाबांनी त्याला बाकावर बसवून फ्रेमच्या बिजागऱ्यांवर व्याख्यान दिलं आणि त्याने ते खरोखर ऐकलं, वर एक शंकाही विचारली. बाबा तिथेच विरघळले. आतल्या खोलीत मी दिवा मालवला, समोरच्या अक्षरांचा तेवढा उजेड राहिला. जड लोखंडी चौकट त्याच्या नाकावर ठेवली, एक एक काच बदलत गेले. रोज वीस जणांच्या नाकावर ठेवते. त्या दिवशी ती तीनदा सरळ करावी लागली, का ते मला विचारू नका.

"हे जास्त स्पष्ट, की... हे?"

"दोन्ही छान आहे."

"छान नाही विचारलं. स्पष्ट विचारलं."

"पुन्हा एकदा दाखवता?"

"तुम्ही समोर बघत नाही आहात."

"समोरच बघतोय," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काय बोललो ते कळलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले. मी काच बदलायचं निमित्त करून पाठ फिरवली. बाहेर बाबा खोकले.

चौथी बैठक. पाचवी. आता तो चष्मा लावून यायचा, काळ्या जाड काडीचा, मीच निवडलेला. मी आकडे न बघता सांगू शकत होते, की कुठला सेल जरा आळशी आहे. मधला. दर वेळी शेवटी तोच मागे राहायचा, बाकीचे दोघं ४.२० वर येऊन त्याची वाट बघत थांबायचे, आणि चार्जर हळूहळू, अगदी थेंबाथेंबाने त्याला वर आणायचा. ही शेवटची दहा-पंधरा मिनिटं मला सगळ्यात आवडायची. काही करायचं नसायचं, उठायचीही मुभा नसायची.

सहाव्या बैठकीला मला भूक लागली नाही, झोपही नीट झाली नव्हती. सही झाली की संपलं. मग मी एकटी चार्ज करणार, तो त्याचं विमान उडवणार, आणि दोन खुर्च्या कोणाला हव्या असतात? पॅक भरला. चार्जरने शीळ घातली. त्याने वही घेतली, पेन उघडलं, आणि बराच वेळ सही केली नाही.

"मी उद्या चाललोय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात नवी इमारत उभी राहतेय, वीस लिफ्ट बसवायच्यात. दोन-अडीच महिने. काम आवडलं तर कायमचं तिथेच ठेवून घेऊ म्हणतायत."

मी म्हणाले, छान. आणखी काय म्हणणार?

त्याने खिशातून कापडात गुंडाळलेला एक पॅक काढला. त्याच्या लाडक्या पिवळ्या विमानाचा, चार वर्षांचा जुना, वर मार्करने तारीख लिहिलेली. तिथल्या खोलीत ठेवायला सुरक्षित जागा नाही, म्हणाला, सांभाळाल? आठवड्यातून एकदा सेल बघा. ३.८ च्या आसपास ठेवा, भरू नका. भरलेला पॅक नुसता पडून राहिला तर आतून बिघडतो. दोन-तीन दिवसांत उडवणार असू तरच भरायचा. मी 'हो, हो' म्हणत गेले. मग तो म्हणाला, की एखाद्या रविवारी सकाळच्या गाडीने येईन, दुपारच्या गाडीने परत जाईन. "पिवळं विमान तुमच्या हातात देईन. मी शेजारी उभा राहीन. नक्की."

त्याने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं होतं.

तर आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

त्याच आठवड्यात मी घरी गॅलरीत माझा पॅक एकटीने चार्जिंगला लावला. विटांवर फरशी, बाजूला बादली, मी स्टुलावर. या वेळी करंटचा आकडा मलाच घालायचा होता. पॅकबरोबरचा कागद वाचला. बावीसशेचा पॅक, तर दोन पॉइंट दोन अँपिअर. घातला. दोन तासांसाठी पुस्तक घेऊन बसले, आणि साधारण तासाभरात चार्जरने शीळ घातली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. पुन्हा तपासलं; तिन्ही सेल ४.२०, पॅक गार. मग मी वही उघडली. त्याने सहाही बैठकांना करंट घातला होता एक पॉइंट एक. निम्मा.

नवा पॅक, घाई नको... पहिल्या दिवशी ठीक. पण सहाव्या दिवशीही?

मी स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. जगातला सगळ्यात नेमका माणूस सहा रविवार आकड्यात खोटेपणा करत होता, आणि तो कशासाठी हे समजायला चष्मा लागत नव्हता. ताई बाहेर आली आणि म्हणाली, एकटीच का हसतेस? मी तिला मिठीच मारली.

त्या आनंदात मी त्याचा जुना पॅक उचलला आणि फुल चार्ज केला.

मला वाटलं, तो या रविवारी येणारच. त्याच्याकडे जेमतेम तीन तास असणार, त्यातला एक-दीड चार्जरसमोर गेला तर विमान कधी उडवायचं? आलाच की सरळ मैदानात, पिवळं विमान माझ्या हातात, तो शेजारी. बोलायचं तेही तिथेच, वर बघत. पॅक तयार हवा. गॅलरीत मातीच्या कुंडीत वाळू भरून त्यात तो पुरून ठेवला, फक्त पांढरा प्लग वर राहील असा.

रविवारी तो आला नाही. रात्री मेसेज आला, 'पॅक ठीक?' मी खरं काय लिहिणार? फुल करून ठेवलाय, तुमची वाट बघत? जाताना त्याने मोजलेले आकडे वहीत होते, तेच पाठवले. ३.८४, ३.८४, ३.८५. 'छान,' त्याने लिहिलं. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, आणि काहीच आलं नाही.

सोमवारी पॅक ३.८ वर उतरवायला हवा होता. चार्जरने उतरवायचा तर तीन-चार तास समोर बसावं लागतं, आणि दुकान होतं, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. मला वाटायचं, मी तो उतरवला की तो यायचा नाही. मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे, तरी वाटायचं.

असे सहा रविवार गेले. दर शनिवारी मी वाळूतल्या प्लगला मोजायचं यंत्र लावायची, ४.१९ वगैरे बघायची, कुंडीवर झाकण ठेवायची. केस धुवायची. रविवारी मैदानावर जाऊन सेक्रेटरीबाईंबरोबर माझं विमान उडवायची आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवायची. बाई एकदा म्हणाल्या, "वर बघ गं, विमान वर आहे." रात्री त्याचा मेसेज यायचा आणि मी तेच आकडे पाठवायची. त्याची उत्तरं मात्र आखूड होत चालली होती. 'छान'चं 'बरं' झालं, 'बरं'चं नुसतं अंगठ्याचं चित्र. माझा जीव टांगणीला लागला होता.

मग शनिवारी सकाळी मेसेज आला. 'उद्या येतोय, पॅक घेऊन जातो. इथलं कायमचं ठरतंय, सोमवारी होकार कळवायचाय.'

पॅक घेऊन जातो. तीन शब्द. मी दुकानात ते इतक्या वेळा वाचले, की बाबांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन मी वाळू बाजूला केली आणि पॅक बाहेर काढला.

तो उशीसारखा फुगला होता.

सहा आठवड्यांचं ऊन, भरलेले जुने सेल, आणि मी. त्याने समजावून सांगितलं होतं, आणि सहा सह्या करून मला जाणती ठरवलं होतं. मी पॅक हळूच पुन्हा वाळूत ठेवला, झाकण न लावता, भिंतीपासून लांब. मग तिथेच बसून रडले. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि सुचवलं, तसाच दुसरा आण, वर मार्करने तारीख घाल, त्याला काय कळतंय. मी म्हणाले, त्याला कळेल. आणि नाही कळलं तरी आता आणखी एक खोटं माझ्याच्याने होणार नाही. उद्या तो होकार द्यायला मोकळा होणार होता. निदान कोणत्या मुलीला सोडून चाललोय हे त्याला खरं कळू दे.

फुगलेला पॅक घेऊन बसमध्ये चढणं बरोबर नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी मी लोखंडी बादलीत वाळू भरली, मधे पॅक ठेवला आणि चालत निघाले. पाऊण तासाचा रस्ता. दर दहा पावलांनी हात बदलत, घामाघूम. मैदानाच्या फाटकाशी सेक्रेटरीबाईंनी मला बघितलं, बादली बघितली, आणि फाटक पुरतं उघडून धरलं.

तो ओट्यापाशी उभा होता. चष्म्यात. वाळला होता. मला बघून त्याने हसायला सुरुवात केली, आणि मग त्याची नजर बादलीत गेली.

मी ती ओट्यावर ठेवली. "तुमचा पॅक मी बिघडवला," म्हणाले. पाठ केलेली वाक्यं होती, त्यातलं हे पहिलं. पुढची सगळी विसरले.

तो वाकून बघत राहिला. हात लावला नाही. "किती दिवस फुल होता?"

"सहा आठवडे. तुम्ही गेलात त्या आठवड्यापासून."

"पण तुम्ही दर रविवारी आकडे..."

"खोटे होते. तुम्ही जाताना मोजलेले, तेच पाठवत होते."

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मी ओरडा खायची तयारी करून उभी होते.

"तेच होते हे मला दिसत होतं," तो हळू म्हणाला. "सहा आठवडे एक पॉइंटसुद्धा हलला नाही. पॅक असा बसत नाही, थोडा तरी इकडेतिकडे होतो. मला वाटलं, ही बघतच नाहीये. कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकून दिलाय. पॅकला... आणि मलाही. दोनदा तिकीट काढलं होतं. स्टँडवरून परत गेलो."

दोनदा. म्हणजे मी ज्या आकड्यांनी लपवत होते, त्याच आकड्यांनी त्याला परत पाठवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

"पण फुल का ठेवलात?" त्याने विचारलं. "तुम्हाला तर माहीत होतं. उडवायच्या आदल्या दिवशी..."

"म्हणूनच," मी म्हणाले. "तुम्ही कुठल्या रविवारी येणार, ते सांगितलं नव्हतंत."

फुगलेल्या पॅककडे त्याने पुन्हा बघितलं. या वेळी वेगळ्याच नजरेने, एखादं पत्र वाचावं तसं. मैदानावर कोणाचं तरी विमान घरघरत डोक्यावरून गेलं. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"सहाच्या सहा रविवार?"

"सहाच्या सहा. आणि तुम्ही सहाच्या सहा बैठकांना करंट निम्मा ठेवलात."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "ते... नव्या पॅकला..."

"लोक माझ्याशी खोटं बोलतात, मला लगेच कळतं."

"लगेच? चार्ज व्हायला दोन तास लागायचे तेव्हा तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"तेव्हा मला वाटलं, बॅटरीच मंद आहे." मी बादलीची कडी धरली. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. पॅक घेऊन जायचा तर जा, नाही म्हणजे, हा नेण्यासारखा राहिलाच नाहीये... पण हे न सांगता तुम्ही होकार द्यावा असं मला नको होतं. बस. एवढंच."

तो उठला. मला वाटलं, माझा हात धरणार. त्याने बादली उचलली.

ती शेडबाहेर मोकळ्यावर, गवत नसलेल्या जागी नेऊन ठेवली. मग बॅगेतून स्कूटरचा एक छोटा दिवा काढला, दोन वायरी लावलेला. फुगलेला पॅक चार्जरला दाखवायचाही नाही, त्याने मला सांगितलं; हा असा लहान दिव्यावर हळूहळू पूर्ण रिकामा करायचा, वाळूत, उघड्यावर, आणि मग जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. त्याने दिवा जोडला. भर उन्हात पिवळा ठिपका लागला. आम्ही खुर्च्या आणून जरा लांब मांडल्या.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"पाच-सहा तास."

"तुमची दुपारची गाडी आहे."

त्याने खिशातून फोन काढला. सोमवारी कळवायचं ठरलं तर सोमवारी दहा म्हणजे दहालाच फोन करणारा हा माणूस, आणि त्याने रविवारी सकाळीच साहेबांना फोन लावला. पलीकडून उचलला. तो म्हणाला, "सर, ते कायमचं... नाही जमणार मला. राहिलेल्या चार लिफ्ट पूर्ण करतो आणि परत येतो." पलीकडचा बराच बोलला. तो ऐकत राहिला, नजर दिव्यावर. "नाही सर, पगाराचं नाही. इथे माझ्या निष्काळजीपणाने एक बिघाड झालाय. हो, माझ्याच. वेळेवर बोललो नाही म्हणून. आता त्याच्यासमोरून उठता येणार नाही."

पलीकडून पुन्हा काहीतरी प्रश्न आला. त्याने फोन छातीशी दाबला आणि माझ्याकडे वळला. डाव्या गालावर ते घडत होतं.

"साहेब विचारतायत, नीट व्हायला साधारण किती वेळ लागेल. काय सांगू?"

मी माझी खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावली.

"सांग," मी म्हणाले, "फार वर्षं लागतील."